अभिप्रायाचं पान : पर्सनल ट्रेनर नेहमी विचारतात ते प्रश्न

साताऱ्यात मी अकरा वर्षं पर्सनल ट्रेनिंग करतोय. पहाटे साडेपाच ते नऊ आणि संध्याकाळी सहानंतर क्लायंट, मधल्या वेळात घर आणि वेबसाइट. वेबसाइट मी स्वतःच सांभाळतो, त्यामुळे कराड, वाई, फलटण, पार सांगली-मिरजेपर्यंतचे ट्रेनर फोन करतात आणि त्यातले निम्मे फोन ‘क्लायंटचे अभिप्राय’ या एकाच पानावरून असतात. तीच उत्तरं दर वेळी नव्याने द्यायला नकोत म्हणून इथे लिहून ठेवलीत. मी वकील नाही. माझ्या पानापुरता कायदा जेवढा समजून घ्यावा लागला, तेवढाच सांगतोय.

गूगलवर स्टार आहेत की. मग वेबसाइटवर वेगळे अभिप्राय कशाला?

दोन्हींचं काम वेगळं आहे. गूगल मॅपवरचा रिव्ह्यू तुमच्या ताब्यात नसतो, म्हणूनच लोक त्यावर विश्वास ठेवतात. ‘पोवई नाक्याजवळ जिम’ शोधणारा माणूस तिथे तारे बघतो, अंतर बघतो आणि फोन लावतो. वेबसाइट उघडणारा त्याच्या एक पाऊल पुढे आलेला असतो. तुम्ही चांगले आहात का, हा त्याचा प्रश्न राहिलेला नसतो. ‘माझ्यासारख्याचं इथे जमेल का’ हे त्याला बघायचं असतं. पंचावन्न वर्षांची बाई, गुडघे दुखतात, जिममध्ये कधी पाऊल टाकलेलं नाही, ट्रॅकपँट घालून गल्लीतून जायचीही लाज वाटते. तिला ४.९ तारे काही सांगत नाहीत. तिच्यासारख्याच दुसऱ्या बाईची चार वाक्यं सांगतात.

जाता जाता : तुमच्याच साइटवर तुमचेच रिव्ह्यू लावून गूगलच्या निकालात पिवळे तारे आणून देतो, असं सांगून कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका. व्यवसायाने स्वतःच्या साइटवर स्वतःबद्दल लावलेले असे तारे दाखवणं गूगलने सप्टेंबर २०१९ मध्येच बंद केलंय.

अभिप्राय मागायचा कधी?

फी घेताना कधीच नाही. फी देणारा माणूस हिशेबात असतो. पहिल्या महिन्यातही नको, कारण तेव्हा तो उत्साहात असतो आणि वजनकाट्यावर जे कमी दिसतं त्यात पाण्याचा वाटा मोठा असतो.

‘सर, काल यवतेश्वरला चालत गेलो, मधे बसावं लागलं नाही,’ असं कोणीतरी वॉर्म-अप करता करता बोलून जातं. मागायची वेळ ती. मी ते वाक्य जसंच्या तसं, तारखेसकट मोबाइलमध्ये टिपून ठेवतो. संध्याकाळी त्यालाच परत पाठवतो : ‘दादा, सकाळी हे बोललात. साइटवर घेऊ का?’ बहुतेक जण हो म्हणतात, वर आणखी दोन वाक्यं घालतात.

लोक ‘छान आहे, सर चांगले शिकवतात’ एवढंच लिहितात. काय करायचं?

चूक त्यांची नाही, आपल्या मागण्याची आहे. ‘अभिप्राय द्या’ म्हटलं की आपला माणूस निरोप समारंभाच्या सुरात जातो. ‘सरांचे मोलाचे मार्गदर्शन लाभले.’ असली वाक्यं पहिल्या दोन वर्षांत माझ्याकडे ढीगभर जमली होती. एक दिवस नावं झाकून वाचायला बसलो तर कोणतं कोणाचं, हे मलाच सांगता येईना. सगळी काढून टाकली.

आता मी लिहायला सांगतच नाही. प्रश्न विचारतो आणि व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस नोट मागतो. यायच्या आधी नेमकं काय अडत होतं? सोडून द्यावंसं कधी वाटलं, कशामुळे? रोजच्या कामात आता काय वेगळं होतं? आणि शेवटचा प्रश्न, जो विचारायला जीभ रेटत नाही : माझ्याकडे कोणी येऊ नये असं तुम्हाला वाटतं? या प्रश्नाला एका बँकेतल्या साहेबांनी सांगितलं, ‘ज्याला पंधरा दिवसांत रिझल्ट पाहिजे त्यानं येऊ नये. सर तोंडावर नाही म्हणतात.’ माझ्या पानावरचं हे सर्वांत उपयोगी वाक्य आहे. पंधरा दिवसांत लग्नाचा सूट बसला पाहिजे म्हणणारे फोन त्यानंतर खूप कमी झाले.

गोडोलीतल्या एका काकूंचं सांगतो. वय अठ्ठावन्न, निवृत्त. त्यांनी फुलस्केपवर निळ्या पेनने पानभर लिहून आणलं होतं, ‘आदरणीय सर’पासून ‘आपली नम्र’पर्यंत. मी म्हटलं, ‘काकू, हे छान आहे, पण घरात काय फरक पडला?’

‘घरात? घरात काय पडायचाय फरक.’ मग पाण्याच्या बाटलीचं झाकण लावता लावता म्हणाल्या, ‘हां, सिलिंडर संपला की शेजारच्या पोराला हाक मारावी लागायची. परवा मीच सरकवला. भरलेला.’ दारापर्यंत गेल्या आणि वळून परत म्हणाल्या, ‘भरलेला, बरं का.’

घरगुती सिलिंडरमध्ये गॅसच १४.२ किलो असतो आणि रिकाम्या टाकीचं वजनही साधारण तितकंच. म्हणजे तीस किलोच्या आसपासचं धूड, ओट्याखालच्या अरुंद जागेत वाकून हलवायचं. पाठ, मांड्या, पकड, तोल, सगळं त्यात आलं. मी साइटवर ‘फंक्शनल स्ट्रेंथ’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, त्यावर कोणी कधी चकार शब्द काढला नाही. फोन करणाऱ्या बायका विचारतात, ‘त्या सिलिंडरवाल्या काकू तुमच्याकडेच येतात ना?’

भाषा सुधारायची का? बोलीत असेल तर?

ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करा. ‘आओ’, ‘काय ओ’, ‘हितं’, ‘जमतंय की’ यांना हात लावू नका. एका शेतकऱ्याच्या तोंडी ‘माझ्या जीवनशैलीत आमूलाग्र परिवर्तन घडले’ घातलं की वाचणारा ओळखतो, हे त्याचं नाही. तसंच रोज मराठी बोलणाऱ्या माणसाचा अभिप्राय इंग्रजीत टाकून भाव वाढत नाही.

लांब असेल तर कापा, पण कुठे कापताय ते बघा. ‘पहिले दोन महिने काहीच फरक नव्हता, वैतागलो होतो, मग मात्र गुडघा मोकळा झाला.’ यातलं शेवटचं वाक्य तेवढं ठेवायचा मोह होतो. पण ते दोन महिने कापले की नवा माणूस तिसऱ्या आठवड्यात निराश होऊन सोडणार, आणि दोष तुम्हाला देणार. कापलेला मजकूर छापण्याआधी मी परत दाखवतो.

मीच लिहून दिलं आणि क्लायंटने सही केली तर चालेल ना?

नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आणि त्याखाली जून २०२२ मध्ये आलेली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबतची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की अशी शिफारस त्या माणसाचं खरं, सध्याचं मत असली पाहिजे आणि पुरेशा अनुभवावर आधारलेली पाहिजे. सही घेतल्याने मत त्याचं होत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी पहिल्या वेळी १० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. साताऱ्यातल्या एकट्या ट्रेनरच्या दारात उद्या कोणी येणार नाही, हे मलाही कळतं. पण तुमच्या पानावरचे नऊच्या नऊ जण ‘अमूल्य’ हा शब्द वापरत असतील तर निकाल लोकांनी आधीच लावलेला असतो.

बिफोर-आफ्टर फोटो टाकावेत का?

माझी सर्वांत मोठी चूक इथलीच, म्हणून जरा लांब सांगतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका मुलीचे दोन फोटो शेजारी शेजारी लावले होते. तिला विचारलं होतं. ‘टाका सर, मला काही नाही,’ म्हणाली, व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठाही पाठवला. आठेक महिन्यांनी तिच्या लग्नाचं बघायला सुरुवात झाली. मुलाकडच्या कोणीतरी तिचं नाव गूगलवर टाकलं आणि वर आला तो ‘बिफोर’चा फोटो. ट्यूबलाइटखाली, घट्ट टी-शर्टमध्ये, हात अंगापासून लांब धरलेले, चेहरा कोणीतरी ओरडल्यासारखा. नाव शोधल्यावर फोटोच का आला? कारण फाइलचं नावच मी तिचं नाव-आडनाव ठेवलं होतं.

फोन तिच्या वडिलांनी केला. आवाज चढवला नाही. ‘तुमची मुलगी असती तर लावला असता का हो?’ एवढंच विचारलं. मी दहा मिनिटांत काढला, तरी इमेज सर्चमध्ये त्याची छोटी प्रतिमा आणखी काही दिवस दिसत राहिली. पानावरून काढलेली गोष्ट शोध निकालातून लवकर जावी म्हणून विनंती करायचं गूगलचं साधन आहे, ते मी त्या रात्री शोधून वापरलं. ते आधी माहीत असायला हवं होतं.

तेव्हापासून ‘बिफोर’मध्ये चेहरा नाही, फाइलच्या नावात माणसाचं नाव नाही, आणि बायकांच्या बाबतीत मी स्वतःहून फोटोचा विषयच काढत नाही. कोणी आपणहून आणला तरी एक आठवडा थांबतो आणि घरी विचारून यायला सांगतो. याला कोणी जुनाट म्हणेल. म्हणू दे.

आता खरेपणाबद्दल. प्रकाश आणि उभं राहण्याची ढब बदलून दोन मिनिटांत मी कोणाचंही पोट आत घालून दाखवतो. ट्यूबलाइट समोरून, खांदे पडलेले, श्वास सोडलेला, पोट सैल : हा बिफोर. खिडकीचा उजेड बाजूने, अंग थोडं वळवलेलं, श्वास घेतलेला : हा आफ्टर. मधे पंधरा पुश-अप. नव्या क्लायंटला मी हा खेळ स्वतःवर करून दाखवतो, म्हणजे इन्स्टाग्राम बघून आलेली भुतं जरा उतरतात. तरीही फोटो लावायचेच तर तीच भिंत, तीच वेळ, तेच कपडे, कॅमेरा तेवढ्याच अंतरावर, आणि खाली दोन्ही तारखा.

फोटोला पर्याय असतात. एस.टी.त ड्रायव्हर असलेल्या एका काकांचा चामडी पट्टा माझ्या पानावर आहे. जिथे वर्षानुवर्षं बक्कल रुतायचं तिथे खोल काळी घडी पडलीय, आणि तिच्या आत दोन बोटांवर खिळ्याने पाडलेलं नवं भोक. चेहरा नाही, पोट नाही. पण त्या फोटोवर लोक थांबतात.

परवानगी तोंडी चालते का?

वरचं वाचून तुम्हीच सांगा.

मी अर्ध्या पानाचा मराठी कागद करून घेतलाय. त्यात काय काय वापरणार ते वेगवेगळं लिहिलंय : शब्द, नाव, वय, राहण्याचा भाग, फोटो, आवाज. प्रत्येकापुढे हो किंवा नाही. कुठे वापरणार तेही वेगळं, कारण वेबसाइटला दिलेला होकार फ्लेक्सला आणि इन्स्टाग्रामला लागू होत नाही. शेवटची ओळ ठळक : ‘हे मी केव्हाही, कारण न देता, एका मेसेजवर काढून टाकायला सांगू शकतो/शकते.’

वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ चा. संमती मोकळेपणाने दिलेली, नेमकी आणि समजून-उमजून दिलेली हवी, आणि ती मागे घेणं देण्याइतकंच सोपं हवं, हा त्याचा गाभा. ‘अ‍ॅडमिशन फॉर्मवर सही केली म्हणजे फोटो वापरायला परवानगी’ ही जिमवाल्यांची जुनी सवय त्यात बसत नाही.

नाव बदललं किंवा फक्त आद्याक्षरं दिली की प्रश्न मिटतो ना?

पुण्या-मुंबईत मिटत असेल. साताऱ्यात ‘शिक्षिका, सदर बझार, दोन मुली, गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन’ एवढं लिहिलं की राजवाड्यावर भाजी घेता घेता नाव निघतं. माणूस नावाने नाही, तपशिलांच्या बेरजेने ओळखू येतो. म्हणून नाव लपवायचं असेल तर तपशीलही विरळ करा : भाग काढा किंवा व्यवसाय काढा, दोन्ही एकत्र ठेवू नका. आणि खोटं नाव टाकण्यापेक्षा ‘नाव त्यांच्या इच्छेवरून दिलेलं नाही’ हे सरळ लिहा.

याची दुसरी बाजूही आहे. ज्यांनी नाव दिलंय त्यांना लोक खरंच गाठून विचारतात. माझ्या एका क्लायंटला लग्नाच्या पंगतीत तिघांनी विचारलं, ‘खरंच का ओ?’ पानावर एक शब्द जरी फुगवलेला असता तर त्या पंगतीतच फुटला असता.

किलोचा आकडा द्यावा का?

द्या, पण एकटा नको. किती काळात, आठवड्यातून किती दिवस, खाण्यात काय बदललं, हे सोबत हवं. पहिल्या आठवड्यात भात-साखर कमी केली की दोन-तीन किलो झटकन उतरतात, कारण स्नायूंत ग्लायकोजेन म्हणून साठलेल्या साखरेच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी असतं आणि तो साठा कमी झाला की ते पाणीही जातं. ‘सात दिवसांत तीन किलो’ ही ओळ आकडा म्हणून खरी असू शकते आणि तरी वाचणाऱ्याची फसवणूक करते.

मला कंबरेचं माप जास्त आवडतं. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि बायकांसाठी ८० च्या पुढे गेलं की धोका वाढतो, असं डॉक्टर मंडळी धरतात. टेप सगळ्यांच्या घरात असतो आणि पाण्याने तो तेवढा फसत नाही. त्याहून बरं म्हणजे मांडी घालून बसता येणं, जमिनीवरून हात न टेकता उठणं, अजिंक्यताऱ्याचा चढ किती वेळा थांबून चढला ते.

आणि सगळ्यांत चांगल्या माणसाचाच आकडा लावत असाल तर शेजारी मधल्या माणसाचाही लावा. वर्षभरात चार किलो उतरलेला, दिवाळीत दोन परत चढलेला माणूस माझ्या पानावर आहे. त्याच्यामुळे आलेले लोक टिकतात.

‘शुगर गेली’, ‘बीपीच्या गोळ्या बंद झाल्या’ असे अभिप्राय?

इथे मी कडक आहे. क्लायंट मनापासून बोलतो, खोटं बोलत नाही, तरी ते मी छापत नाही. गोळी कमी करायची की बंद करायची हे डॉक्टर ठरवतात. वाचणारा एखादा माझ्या पानाच्या भरवशावर स्वतःच गोळी सोडेल, ही भीती मला दंडापेक्षा मोठी वाटते. फार तर ‘डॉक्टरांच्या सल्ल्याने औषधं चालू ठेवून व्यायाम केला’ एवढं ठेवतो. एचबीए१सी ही रक्तातल्या साखरेची तपासणी म्हणजे साधारण तीन महिन्यांचा आरसा, तो आकडा खाली येण्यामागे औषध, खाणं, झोप आणि व्यायाम सगळ्यांचा हात. माझा एकट्याचा कसा लावू?

व्यायामासोबत काढा, चूर्ण, ‘फॅट बर्नर’ विकत असाल तर आणखी जपा. औषधी व चमत्कारी उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींवरचा १९५४ चा कायदा अजून जिवंत आहे आणि त्याच्या यादीत मधुमेहही आहे, लठ्ठपणाही आहे. अभिप्रायाच्या आडून केलेला दावा हाही दावाच.

एक महिना फी माफ करून अभिप्राय घेतला तर?

गूगलवर नाही. मोबदला देऊन रिव्ह्यू घेणं त्यांच्या नियमात बसत नाही. फक्त खूश लोकांनाच निवडून मागणंही बसत नाही. स्वतःच्या साइटवर घेतला तर खाली स्पष्ट लिहा : ‘यांना एक महिना फी सवलत दिली होती.’ २०२२ ची तीच तत्त्वं आर्थिक किंवा नात्याचा संबंध उघड करायला सांगतात. मेव्हणा, जिमचा भागीदार, सप्लिमेंटचा डीलर, सगळे यात आले. असं लिहायला लाज वाटत असेल तर सूट देऊ नका. मी देत नाही. नरसोबाच्या वाडीला गेलो की पेढे आणतो, ते सगळ्यांना देतो, अभिप्राय देवो न देवो. (कंदी पेढ्यांच्या गावचा माणूस बाहेरून पेढे आणतो म्हणून शिव्याही खातो.)

गावातल्या मोठ्या माणसाचा फोटो चालेल का?

ते खरंच तुमच्याकडे व्यायाम करत असतील तर चालेल. उद्घाटनाला येऊन डंबेल उचलून गेले असतील तर तो अभिप्राय नाही, तो उद्घाटनाचा फोटो.

हिल मॅरेथॉनच्या फोटोंचं काय? माझ्या क्लायंटने पूर्ण केलीय.

सातारा हिल हाफ मॅरेथॉन म्हणजे २१ किलोमीटर, त्यात यवतेश्वरचा घाट चढून परत उतरायचं, आणि पावसाळ्याचे दिवस. पूर्ण करणं हीच मोठी गोष्ट आहे, त्यामुळे अभिप्राय जरूर घ्या. पण धावतानाचा व्यावसायिक फोटोग्राफरने काढलेला फोटो सहसा क्लायंटचा नसतो आणि तुमचा तर नाहीच. लेखी विचारल्याशिवाय लावू नका. घाटात मित्राने मोबाइलवर काढलेला बरा, मित्राला विचारून. छातीवरचा बिब नंबर पुसा, कारण नंबरावरून नाव आणि वेळ शोधता येते, आणि सगळ्यांनाच आपली वेळ जगाला दाखवायची नसते.

शब्द घेताना वेळेपेक्षा घाटातलं विचारा. ‘उतरताना गुडघे बोलतील असं सरांनी सांगितलं होतं, म्हणून आधीचे तीन महिने उताराचाच सराव केला.’ हे वाचून पुढच्या वर्षीचा धावपटू येतो.

पोलीस भरतीची मुलं येतात. निवड झालेल्यांचे फोटो लावू का?

आपल्या जिल्ह्यात भरतीचा निकाल लागला की एकाच पोराचा फोटो तीन अकॅडमींच्या फ्लेक्सवर झळकतो. पोरगा एकीकडे धावायला गेलेला असतो, दुसरीकडे लेखीला, तिसरीकडे चार दिवस गोळाफेकीला. तिघंही ‘आमचा विद्यार्थी’. कोचिंग क्लासच्या जाहिरातींसाठी नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राची तत्त्वं आली : निवड झाल्यानंतर घेतलेली लेखी संमती हवी, आणि त्याने नेमका कोणता कोर्स केला तेही सांगायला हवं. खेळाचं प्रशिक्षण त्यातून वगळलंय, म्हणजे मैदानी सरावाला ती लागू नाहीत असं कोणी म्हणेल. मी मात्र ती पद्धत उचलली. ‘१६०० मीटरची तयारी माझ्याकडे, चार महिने. लेखी दुसरीकडे.’ एवढं लिहिल्याने माझं काही कमी झालं नाही.

अठरा वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत सही आई-वडिलांची. फोटो मी लावतच नाही.

आधीच्या जिममध्ये असताना मिळालेले अभिप्राय माझ्या नव्या साइटवर नेता येतील?

त्या माणसांना परत विचारून, आणि ‘तेव्हा मी दुसऱ्या जिममध्ये काम करत होतो’ असं लिहून. जिमच्या पेजवरचा फोटो उचलून आणू नका.

वाईट अभिप्राय आला तर?

दोन तास मोबाइल ठेवून द्या. मग छोटं, शांत उत्तर. माझ्यावर एकाने लिहिलं, ‘सर सतत फोनवर असतात.’ राग आला, पण त्या महिन्यात घरच्या दुखण्यामुळे मी खरंच फोनवर होतो. तेच उत्तरात लिहिलं आणि सत्रात फोन बाहेर ठेवायला लागलो. ते गूगलवर अजून आहे. साइटवरही मी ते घेतलंय, त्याला विचारूनच. तो चकित झाला होता.

खोटा, न आलेल्या माणसाचा रिव्ह्यू असेल तर गूगलला कळवा आणि खाली एवढंच लिहा की या नावाचे कोणी आमच्या नोंदीत नाहीत. क्लायंटच्या तब्येतीचा एकही तपशील उत्तरात येता कामा नये. ‘तुमचा थायरॉइड असल्यामुळे...’ अशी सुरुवात मी एका ट्रेनरच्या उत्तरात पाहिलीय. भांडणात तो जिंकला असेलही, पण ते वाचून आपला आजार त्याला कोण सांगेल?

व्हॉट्सअ‍ॅपचे स्क्रीनशॉट टाकले तर सोपं नाही का?

तुम्हाला सोपं. पण चित्रातली अक्षरं शोधात नीट येत नाहीत, मोबाइलवर बारीक दिसतात, चष्मा विसरलेल्याला वाचता येत नाहीत, आणि वर नंबर, डीपी, पुढचा-मागचा घरगुती संवाद तसाच राहतो. युनिकोड मराठीत, म्हणजे मोबाइलवर मेसेज लिहिता त्याच मराठीत, टाइप करा. डीटीपीवाल्याकडून मजकूर आणत असाल तर तो जुन्या फाँटमधला नाही ना, ते आधी बघा, नाहीतर साइटवर चिटकवल्यावर चिन्हांची रांगोळी उमटते.

एकाच पानावर चाळीस अभिप्राय कोणी वाचत नाही. मी दहा ठेवतो, आणि बाकीचे जिथे शंका येते तिथे एकेक : फीच्या आकड्याखाली पैशाबद्दल बोललेला, पहाटेच्या बॅचखाली झोपेबद्दल कुरकुरलेला. आपोआप सरकणारी पट्टी लावू नका, वाक्य अर्ध्यात पळून जातं. व्हिडिओ चालतो, दीड मिनिटाच्या आत, पण किल्ल्यावर काढू नका. वाऱ्याशिवाय काही ऐकू येत नाही.

मी नवीन आहे. एकही क्लायंट नाही. काय लावू?

पान रिकामं ठेवा, म्हणजे मेनूतून काढूनच टाका. त्याऐवजी तुमचं प्रशिक्षण कुठे झालं, प्रमाणपत्र कोणतं, पहिल्या दिवशी काय करून घेता, ते लिहा. पहिले तीन अभिप्राय यायला सहा महिने लागू देत.

जुने अभिप्राय किती दिवस ठेवायचे?

प्रत्येकाखाली महिना आणि वर्ष टाका, म्हणजे वाचणारा स्वतः ठरवेल. दर गणपतीच्या आधी, जेव्हा बॅचेस तशाही ओस पडायला लागतात, मी सगळ्यांना एक मेसेज टाकतो : ‘तुमचं हे वाक्य अजून साइटवर आहे. राहू दे, बदलू, की काढू?’ सोबत वाक्य. काही जण काढायला सांगतात, कारण विचारत नाही. एकाचं सगळं वजन परत आलं होतं. तो म्हणाला राहू दे, पण खाली तेही लिहा. लिहिलं.

काकूंचं उत्तर गेल्या खेपेला दोन दिवसांनी आलं, व्हॉइस नोटमध्ये, मागे कुकरची शिट्टी. ‘सर, ते सिलिंडरचं काढा आता. सिलिंडर सून सरकवते, तिलाच लावलाय तुमच्या व्यायामाला. माझं किल्ल्याचं लिहा. मंगळाईच्या देवळापर्यंत जाते मी. मधे एकदाच बसते.’